दारूबंदी उठली, आता आमच्या घराचं काय?

२०२१ च्या पावसाळ्यात चंद्रपूर जिल्ह्यातली दारूची दुकानं पुन्हा उघडली, आणि माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या बायकांच्या तोंडी एकच प्रश्न आला, "ताई, आता आमच्या घराचं काय होईल?" आजही तो येतो. शेजारी वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून. तिकडच्या बायका विचारतात, "बंदी असून आमच्या माणसाला मिळते कुठून?" दोन्ही प्रश्नांमागची काळजी सारखीच आहे. एका घराची हकिकत सांगते, म्हणजे मला काय म्हणायचं आहे ते कळेल. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आपण त्यांना मंदाताई म्हणू. नवरा कोळसा खाणीत ठेकेदाराकडे कामाला. खाणीच्या वाटेवरच देशीचं दुकान. पगाराच्या दिवशी मंदाताई फाटकाशी जाऊन उभ्या राहायच्या. पैसे आधी त्यांच्या हाती पडले तर किराण्याची उधारी फिटायची, नाही तर पव्व्यात जायचे. मंगळसूत्रातले मणी सोडले तर अंगावर सोनं उरलं नव्हतं. मार होताच. डिसेंबर २०१० मध्ये दारूबंदीसाठी चिमूरहून नागपूरच्या विधानभवनावर बायकांचा पायी मोर्चा गेला, त्यात त्यांची थोरली जाऊ चालली होती. अखेर १ एप्रिल २०१५ ला जिल्ह्यात बंदी लागू झाली. मंदाताईंनी त्या दिवशी घरात गोडधोड केलं. त्या आनंदाला मी कधीच भाबडा म्हणणार नाही. ज्या बाईला रोज संध्याकाळी पोरं घेऊन शेजारी पळावं लागतं, तिला दुकानाचं शटर पडलेलं दिसणं ही फार मोठी गोष्ट असते.

घरात साठवलेली संपली आणि पहिल्याच दिवशी नवऱ्याचे हात कापायला लागले, घाम सुटला. तिसऱ्या रात्री भिंतीवरून मुंग्या चालल्यात म्हणून तो भिंत झाडत बसला. बायकोला ओळखेना. सासूबाईंनी बाहेरचं लागलं म्हणून अंगारा लावला. सकाळी शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं म्हणून जीव वाचला.

इथे थोडं थांबून सांगते, कारण हे अजूनही घरोघरी माहीत नाही. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान असा भ्रम होऊ शकतो. उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. तेव्हा खोलीत कोंडून, दोरीनं बांधून दारू सोडवायच्या फंदात पडू नका. अशा माणसाची दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सुटली पाहिजे.

दवाखान्यातून आल्यावर दोनेक महिने नवरा पूर्ण कोरडा होता. मंदाताईंना वाटलं, सुटलो. पण त्यांची अकरा वर्षांची मुलगी रात्री झोपेना. बाप किती पिऊन आला हे ती अंगणातल्या सायकलच्या स्टँडवरून ओळखायची. स्टँड एका फटक्यात लागलं तर अभ्यास चालू ठेवायचा. दोन-तीनदा खडखडलं तर धाकट्याला उचलून मागच्या दारानं शेजारी जायचं. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. बाप शुद्धीत येत होता, स्टँड नीट लागत होतं, तरी पोर दचकून उठायची आणि भावाच्या अंगावर हात ठेवून बसायची. बापही घरात गप्प किंवा चिडलेला असे. दारू नव्हती, पण दारूनं घडवलेलं घर तसंच होतं.

मग चोरीची दारू सुरू झाली. वर्धा नदी ओलांडली की वणी, म्हणजे यवतमाळ जिल्हा, तिथे दुकानं उघडी. माल गावागावात पोचायला लागला. भाव दुप्पट-तिप्पट, त्यामुळे घरात येणारा पैसा आणखी आटला. मंदाताईंचा धाकटा मुलगा तेरा वर्षांचा असताना वस्तीतल्या विक्रेत्यासाठी दप्तरातून पव्वे पोचवताना सापडला. त्या धक्क्यानं त्या पहिल्यांदा माझ्याकडे आल्या. बंदी उठवताना सरकारनं जी कारणं दिली, त्यात बायका-मुलं या धंद्यात ओढली गेल्याचंही कारण होतं. माझ्या समोरच्या खुर्चीवर ते रडत बसलं होतं.

यावरून बंदी फुकट गेली, असं मी म्हणत नाही. कधीमधी पिणारे कितीतरी जण त्या काळात थांबले, भररस्त्यावरचा धिंगाणा कमी झाला, हे बायकाच सांगतात. पण ज्याला दारूचा आजार जडला आहे, तो नदी ओलांडून जातो.

मंदाताईंचं म्हणणं होतं, "यानं पेणं सोडलं का सारं आपोआप बरं होते." माझं सगळं काम या एका वाक्याभोवती झालं. नवऱ्याची दारू सुटेपर्यंत त्यांनी सगळंच थांबवून ठेवलं होतं: मुलीची झोप, मुलाची शाळा, स्वतःचं दुखणारं कंबरडं, बचत गटाची बैठक. मी म्हटलं, त्याचं व्हायचं तेव्हा होईल, तुमचं आजपासून सुरू करू.

बोलता बोलता कळलं, बाजारातली एक पुडी आणून त्या वरणात कालवत होत्या. 'न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती तुम्हीही पाहिल्या असतील. कशात काय असतं याचा भरवसा नाही. आणि दारू सोडवायला डॉक्टर देतात ते डायसल्फिराम हे औषधसुद्धा न सांगता दिलं आणि वर दारू प्यायली गेली, तर उलट्या, छातीत दुखणं, रक्तदाब कोसळणं, जिवावरही बेतू शकतं. ते औषध माणसाला सांगून, त्याच्या संमतीनंच द्यायचं असतं. पुड्या त्याच दिवशी बंद केल्या.

ठेकेदाराला फोन करून "ताप आहे" सांगणंही थांबवायला सांगितलं. हे त्यांना फार जड गेलं. खाडा झाला, मजुरी कापली गेली, तेव्हा नवऱ्याला स्वतः उत्तर द्यावं लागलं. बोलायचं ते सकाळी, तो शुद्धीत असताना. रात्री एक शब्द नाही. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले जावेकडे ठेवले. मार सुरू झाला तर ११२ ला फोन करायचा हे मुलीलाही माहीत झालं. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं, घर न सोडताही दाद मागता येते, हे समजल्यावर त्यांच्या बोलण्यातला सूरच बदलला.

मुलीशी मी वेगळी बोलले. तिला वाटत होतं, तिच्या शाळेच्या खर्चामुळे बाबांना टेन्शन येतं आणि म्हणून ते पितात. ते तुझ्यामुळे पीत नाहीत, हे तिला एकदा सांगून भागलं नाही, पुन्हा पुन्हा सांगावं लागलं.

अमेरिकेत १९२० ते १९३३ अशी देशभर बंदी होती. तिथेही त्या मागणीत बायका पुढे होत्या, १८७४ पासून त्यांची देशव्यापी संघटना होती. बंदी उठल्यावर दोन वर्षांनी, १९३५ मध्ये, अॅक्रन शहरात दारूच्या आजारातल्या दोन माणसांनी एकमेकांना धरून अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची आपसात आधार देणारी संघटना सुरू केली. घरच्यांसाठी अल-अॅनॉनची रीतसर संघटना व्हायला १९५१ साल उजाडलं. आपल्याकडेही पाहते, कुटुंबाचा नंबर शेवटी लागतो, याची मला फार खंत वाटते.

दुकानं उघडली तेव्हा मंदाताईंचा नवरा एएच्या सभेला जात होता. दुकान उघडल्यावर घसरला, पुन्हा भरती झाला, मध्ये बरा राहिला, पुन्हा एकदा घसरला. सध्या गोळ्या आणि सभा दोन्ही चालू आहेत. दरम्यान मुलगी बारावी झाली आणि नर्सिंगला लागली. मुलगा शाळेत परतला, पण अभ्यासात अजून मागे आहे. मंदाताई बचत गटाचे हिशेब पाहतात आणि कंबरेवर उपचार घेतात. नवरा घसरला त्या आठवड्यातही त्यांनी गटाची बैठक चुकवली नाही.

"माझा माणूस यायला तयारच नाही, मी एकटी येऊन का करू?" असंही पुष्कळ जणी विचारतात. एकट्या या. पहिल्या भेटीत त्याच्याबद्दल आम्ही थोडंच विचारतो. मार किती होतो, पोरं नीट झोपतात का, हाती पैसा किती राहतो आणि अडीअडचणीला तुम्ही कुणाच्या घरी जाऊ शकता, हे विचारतो. यायला जमत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत क्रमांक आहे. त्यावर घरच्या माणसांनीही फोन करायचा असतो.