एकाच सुमारास बँड का फुटले?

प्रश्न : क्रीम, बीटल्स, सायमन अँड गारफंकल आणि क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हे चारही बँड १९६८ ते १९७२ या काळात संपले. लोक त्यांची गाणी डोक्यावर घेत असताना ते फुटले, हा निव्वळ योगायोग म्हणावा की त्यामागे काही समान कारण होते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : प्रत्येक बँडचे भांडण वेगळे होते, परंतु त्या भांडणांच्या मुळाशी एक समान कारण होते असे माझे ठाम मत आहे. ते कारण म्हणजे गाणे कोणी लिहिले या प्रश्नाला त्या दशकात आलेले महत्त्व.

त्याआधीची पद्धत अशी होती की गाणी व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी लिहायची आणि बँडने ती वाजवायची. १९६३ साली निघालेल्या बीटल्सच्या पहिल्या अल्बममधील १४ गाण्यांपैकी ६ गाणी इतरांची होती. उरलेली आठ बँडमधल्याच जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची होती. पुढच्या दोन-तीन वर्षांत बँडने स्वतःची गाणी स्वतः लिहावीत अशीच श्रोत्यांची आणि कंपन्यांची अपेक्षा होऊ लागली, आणि त्याबरोबर बँडमधील पैशाचे गणितही बदलले. कारण तबकडीच्या विक्रीतला कलाकारांचा वाटा सर्व सदस्यांत विभागला जात असे, पण गाण्याच्या लेखनाची रॉयल्टी मात्र ज्याच्या नावावर गाणे असेल त्यालाच आणि त्याच्या प्रकाशकालाच मिळत असे. अमेरिकेत तर आजही रेडिओवर गाणे वाजले की त्याच्या रचनाकाराला पैसे मिळतात, ते गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांना मिळत नाहीत. त्यामुळे शाळकरी वयात बरोबरीच्या नात्याने एकत्र आलेल्या मुलांपैकी एक-दोघे काही वर्षांतच इतरांपेक्षा कितीतरी श्रीमंत झाले. ही तेढ सर्वत्र साधारण एकाच वेळी सुरू झाली आणि म्हणून एकाच सुमारास विकोपाला गेली.

क्रीमबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्यातले दोन सदस्य जॅक ब्रूस आणि जिंजर बेकर यांचे वैर बँड स्थापन होण्यापूर्वीचेच होते, आणि लेखनाची रॉयल्टी ब्रूस व त्यांचे गीतकार पीट ब्राउन यांच्याकडे जाते ही बेकर यांची तक्रार अखेरपर्यंत कायम राहिली. २६ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यांनी निरोपाचा कार्यक्रम केला.

सायमन अँड गारफंकल या जोडीत पैशापेक्षा श्रेयाचा प्रश्न अधिक बोचरा होता. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातले हे दोघे शाळेपासूनचे मित्र होते. जवळजवळ सर्व गाणी पॉल सायमन लिहीत, आणि जानेवारी १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या शेवटच्या अल्बमचे शीर्षकगीत सायमन यांनी लिहिले असले तरी ते बव्हंशी आर्ट गारफंकल यांनी एकट्याने गायले. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत असताना आपण पडद्याआड उभे असायचो आणि हे गाणे आपले आहे ही जाणीव मनाला डाचायची, अशा आशयाचे सायमन यांनी नंतर मुलाखतींतून सांगितले आहे. त्याच सुमारास गारफंकल एका चित्रपटासाठी मेक्सिकोत दीर्घकाळ अडकून पडले होते, आणि त्याच चित्रपटातली सायमन यांची भूमिका मात्र रद्द झाली होती. अल्बममध्ये बारावे गाणे कोणते घ्यावे यावर दोघांचे एकमत झाले नाही आणि अखेर अल्बम ११ गाण्यांचाच निघाला. तो अफाट खपला, १९७१ साली त्याला ग्रॅमी पुरस्कारही मिळाले, पण तोवर जोडी फुटलेली होती.

माझ्या मते सर्वांत बोलका दाखला क्रीडन्सचा आहे. कॅलिफोर्नियातील एल सेरिटो गावचे हे चौघे १९५९ पासून एकत्र वाजवत होते. गाणी लिहिणे, गाणे, ध्वनिमुद्रणाची जबाबदारी घेणे आणि व्यवहार पाहणे हे सर्व जॉन फोगर्टी एकटेच करीत. १९६९ या एका वर्षात त्यांनी तीन अल्बम दिले, यावरून त्या पद्धतीची ताकद कळते. परंतु इतरांना काहीच विचारले जात नसे, आणि १९७१ च्या आरंभी जॉन यांचे सख्खे थोरले भाऊ टॉम बँड सोडून गेले. त्यानंतर जॉन यांनी उरलेल्या दोघांनीही लिहावे आणि गावे अशी बरोबरीची वाटणी केली. एप्रिल १९७२ मध्ये निघालेल्या त्या अल्बमवर समीक्षकांनी कठोर टीका केली आणि ऑक्टोबरमध्ये बँड विसर्जित झाला. बारा वर्षे ज्यांना लिहिण्याची संधी मिळाली नव्हती, त्यांच्याकडून एका अल्बमपुरती समानता मागणे अन्यायाचे होते, असे मला वाटते. पुढे १९९३ साली रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमच्या सन्मानसोहळ्यातही जॉन यांनी जुन्या साथीदारांबरोबर वाजवण्यास नकार दिला. टॉम त्यापूर्वीच, १९९० मध्ये, निधन पावले होते.

प्रश्न : बीटल्स योको ओनो यांच्यामुळे फुटले असे आमच्या पिढीने कायम ऐकले. त्यात तथ्य किती? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : फारच थोडे, आणि हा आरोप इतकी वर्षे टिकून राहिला याचे मला वाईट वाटते. १९६८ पासून लेनन यांच्या सहचारिणी ओनो ध्वनिमुद्रणाच्या वेळी त्यांच्याशेजारी बसत आणि इतरांना ते अवघड जाई, हे खरे आहे. परंतु व्यवहाराची घडी त्याआधीच विस्कटली होती. व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांचे ऑगस्ट १९६७ मध्ये निधन झाले आणि त्यांची जागा कोणी घ्यावी हा वाद मिटलाच नाही. लेनन, हॅरिसन आणि स्टार यांनी ॲलन क्लाइन यांची निवड केली, तर मॅकार्टनी यांना आपले सासरे ली ईस्टमन हवे होते. सप्टेंबर १९६९ मध्ये लेनन यांनी बँड सोडत असल्याचे इतरांना सांगितले, परंतु ही गोष्ट गुप्त ठेवण्यात आली आणि एप्रिल १९७० मध्ये मॅकार्टनी यांच्या निवेदनातून फूट जगजाहीर झाली. ३१ डिसेंबर १९७० रोजी मॅकार्टनी यांनी भागीदारी मोडण्यासाठी लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला. पुढे १९७३ मध्ये उरलेल्या तिघांचेही क्लाइन यांच्याशी बिनसले आणि त्यांनीही न्यायालयाची वाट धरली. मॅकार्टनी यांची शंका रास्त होती, हे त्यावरून दिसते.

प्रश्न : जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईत ध्वनिमुद्रण केले होते असे वाचले. बँड फुटण्याशी त्याचा काही संबंध जोडता येईल का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : संबंध आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. बँडने सशुल्क जाहीर कार्यक्रम थांबवले ते ऑगस्ट १९६६ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात हॅरिसन पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकण्यासाठी मुंबईत आले. जानेवारी १९६८ मध्ये ते पुन्हा आले आणि एचएमव्हीच्या स्टुडिओत त्यांनी एका चित्रपटाच्या संगीतासाठी भारतीय वादकांबरोबर ध्वनिमुद्रण केले. ते संगीत ज्या अल्बममध्ये आले, तो बीटल्सपैकी एकाच्या नावावर निघालेला पहिला स्वतंत्र अल्बम मानला जातो. त्याच मुक्कामात बासरी, हार्मोनियम आणि पखवाज घेऊन ध्वनिमुद्रित केलेल्या चालीवर लंडनला गायन चढवले गेले, आणि मार्चमध्ये ते गाणे एका तबकडीच्या मागच्या बाजूला आले. बीटल्सच्या एकेरी तबकडीवर हॅरिसन यांची रचना येण्याची ती पहिलीच वेळ होती.

मुंबईत ते निर्णय घेणारे संगीतकार होते, तर लंडनच्या स्टुडिओत त्यांना लेनन आणि मॅकार्टनी यांच्या गाण्यांतून उरलेल्या जागेसाठी थांबावे लागे. १९६८ च्या दुहेरी अल्बममधील ३० गाण्यांपैकी त्यांची फक्त ४ आहेत. जानेवारी १९६९ च्या तालमींत त्यांनी नवी गाणी मांडली, त्यांतली बरीचशी बाजूला राहिली, आणि त्याच महिन्यात ते काही दिवस बँड सोडून निघूनही गेले. बँड संपल्यानंतर, नोव्हेंबर १९७० मध्ये, त्यांनी तीन तबकड्यांचा संच प्रसिद्ध केला. त्याचे शीर्षकगीत बीटल्सच्या त्या तालमींत वाजवून झालेले होते. हा संच ब्रिटन आणि अमेरिका या दोन्ही देशांत पहिल्या क्रमांकावर पोहोचला.