भाऊ म्हणते सही कर, हात थांबते

या महिन्यातली तीन पत्रं अशी आहेत का वाटावं एकाच घरातून आली. पण तिन्ही वेगळ्या जिल्ह्यातली आहेत. नावं देत नाही, आपल्याकडे ओळखायला गट नंबर सुद्धा पुरते.

प्रश्न : ताई नमस्कार. माझे बाबा दोन महिन्याआधी गेले. सहा एकर कोरडवाहू वावर आहे, चार आजोबाकडून आलेलं अन दोन बाबानं स्वतः घेतलेलं, मृत्युपत्र वगैरे काही नाही. मी, लहान बहीण अन एक भाऊ, माय भावाकडेच राहाते. तेरवीची पंगत उठली नव्हती तर काका अन भाऊ मले मागच्या खोलीत घेऊन गेले, पाचशेचा स्टॅम्प आणूनच ठेवला होता, म्हणे तुम्ही तिघी मायलेकी हक्कसोडावर सही करून द्या, रीतच आहे, तुम्हा दोघीचे लग्न या वावरावरच झाले. लहानी हो म्हणाली. मी म्हटलं पाहू. तेव्हापासून भाऊ फोन उचलत नाही, वहिनी म्हणते तुमच्यामुळे सोसायटीचं कर्ज अडलं. मिस्टर म्हणतात देऊन टाक, कटकट नको. खरं सांगू तर मले वावर नको, माहेर पाहिजे. पण सही म्हटलं का हात थांबते. मी लालची आहे काय?
– एक बहीण, जि. यवतमाळ

उत्तर : लालची असती तर मला नसतं लिहिलं, सरळ वकिलाकडे गेली असती.

मी स्वतः सही केलेली बाई आहे हे आधी सांगून टाकते. २०११ ची गोष्ट. रजिस्ट्री ऑफिसच्या बाहेर झाडाखाली टेबल टाकून बसलेल्या माणसानं कागद आधीच टाईप करून ठेवला होता, त्यात एक ओळ होती का मी कोणाच्याही दबावाला बळी न पडता स्वखुशीने माझा हक्क सोडत आहे, अन ते वाचताना माझ्या एका बाजूला मोठे काका, दुसऱ्या बाजूला भाऊ, मागे वहिनी, स्वखुशीला उभं राहायलाही जागा नव्हती. मशीनवर अंगठा तीनदा उमटलाच नाही, भांडे घासून रेषा गेल्या म्हणे, मग पदराला पुसून चौथ्यांदा दिला तेव्हा उमटला. बाहेर आल्यावर भावानं सगळ्यांना रसवंतीवर रस पाजला. भाऊ वाईट नाही माझा, आजही राखीला येते. पण मी काय दिलं हे मलाच माहीत नव्हतं, किती एकर, कोणता गट, विहीर कोणाच्या नावानं, काहीच नाही, सातबारा मी सहा वर्षांनी पाहिला तोही मोबाईलवर, अन त्या दिवशी मला पहिल्यांदा रडू आलं. दिल्याचं नाही. न पाहता दिल्याचं.

म्हणून तुझा हात थांबते ते बरं आहे.

आता तुझा हिशोब पाहू. बाबानं घेतलेल्या दोन एकरात, मृत्युपत्र नाही म्हणून, माय, भाऊ अन तुम्ही दोघी असे चार सारखे वारस. हे १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापासूनच आहे, नवीन काही नाही. आजोबाकडून आलेल्या वावरात पोरीला पोराइतका जन्मतः हक्क त्याच कायद्याच्या ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं आला, अन त्या तारखेला बाप जिवंत पाहिजे होता का नाही यावर जो घोळ चालू होता तो सुप्रीम कोर्टानं ११ ऑगस्ट २०२० ला संपवला, बाप जिवंत असो नसो. (२० डिसेंबर २००४ च्या आधी रीतसर वाटणी झालेली असेल तर ती उकरता येत नाही, पण तुझ्या घरी झाली असं तू लिहिलं नाही.) माझ्या हिशोबानं तुझ्या केसमधे कसंही मांडलं तरी सहा एकराचे चौघात दीड-दीड एकर येतात.

चौघात म्हटलं, बरं का. पत्रात एका ओळीत लिहून तू पुढे निघून गेली पण माझी नजर तिथंच अडकली, "तिघी मायलेकी." मायची सही कायच्यासाठी? तुझं सासर आहे, बहिणीचं आहे, मायजवळ त्या दीड एकराशिवाय दुसरं आहे काय? आज भाऊ चांगला सांभाळते, उद्या त्याची पोरं मोठी होतील, घरात कोणाचं चालेल कोणाला माहीत. सातबाऱ्यावर नाव असलेल्या म्हातारीला चहा वेळेवर भेटते, हे मी बिनलाज्यासारखं लिहून राहिली कारण पाहिलेलं आहे. तुझ्या हिश्श्याचं तू काहीही कर, मायची सही होऊ देऊ नको.

कर्ज अडलं म्हणतात त्यात अर्धं खरं आहे. सातबाऱ्यावर चार नावं असली का सोसायटी, बँक सगळ्यांच्या सह्या मागते, भावाला हंगामात चकरा मारा लागतात, त्याची चिडचिड खोटी नाही. पण त्याच्यावर सहहिस्सेदाराचं संमतीपत्र असते, ते देऊन टाक, उद्याच्या उद्या दे, स्वतः जाऊन दे. कर्जाला संमती देणं वेगळं अन हक्क सोडणं वेगळं. घाईच्या टायमाला हे दोन कागद एकाखाली एक ठेवून सह्या घेतात, म्हणून वरचं नाव वाचून सही करजो. अन कोणी म्हटलं का नुसतं तलाठ्यापुढे बयाण दे, झालं, तर तेही खरं नाही, हक्कसोड रजिस्टर व्हावंच लागते.

भावाला निरोप असा दे (फोन उचलत नसेल तर भाच्याच्या मोबाईलवर व्हॉइस मेसेज टाक, पोरं ऐकवतात): आधी वारस फेरफार करून चौघांचीही नावं लागू दे. वावर तूच वाह्य, बटईनं म्हण का तसंच म्हण, मले दिवाळीले एक कट्टा तुरीची डाळ दे. वर्षभरानं मले वाटलं तर मी हक्कसोड करीन, तेव्हा रजिस्ट्रीत तू माझ्या बाजूला उभा राहू नको, बाहेर रसवंतीवर थांब.

राहिलं लग्नाच्या खर्चाचं. लग्न तर भावाचंही त्याच वावरावर झालं असेल न बाप्पा? बँड त्याच्या लग्नात मोठा का तुझ्या, आठवून पाय. त्याच्या हिश्श्यातून किती कापले?

अन रीत म्हणाल तर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली तेव्हा बायकोच्या नावानं वावर करून देणारे शेतकरी निघालेच न. तीही रीत नव्हती. पण बायकोचं नाव लागलं तरी वावर घरातच राहाते, बहिणीच्या नावानं ते दुसऱ्या घरी जाईल अशी भीती वाटते, सगळं दुखणं तिथं आहे. हिंदू कोड बिल अडलं म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मधे मंत्रिपद सोडलं, त्यात पोरीच्या हिश्श्याचा विषय होता. १४ एप्रिलला डीजे लावणारी पोरं आपल्याकडे कमी नाहीत, त्यातल्या किती जणांच्या सातबाऱ्यावर बहिणीचं नाव आहे हे एकदा विचारून पाहायचं आहे मला. मारच खाईन.

प्रश्न : बाबा जाऊन दहा वर्षं झाले. बहिणीनं आता हिस्सा मागितला. या दहा वर्षात विहीर मी खोदली, बांधबंदिस्ती मी केली, मायचा दवाखाना मी केला. गाव म्हणते जवायानं भरवलं. नाही म्हटलं तर मी पापी काय?
– एक भाऊ, जि. वाशीम

उत्तर : पापपुण्याचं महाराजाला विचारा भाऊ, मी वावराचं सांगते. दहा वर्षं गप्प राहिली म्हणून तिचा हक्क बुडत नाही. पण विहिरीला अन बांधाला तुमचा पैसा लागला हे खरं आहे, अन हिस्सा मागणाऱ्या बहिणी हे सोयीनं विसरतात, तेही लिहून टाकते. खर्चाचा कागद करा, तिच्यासमोर ठेवा, विहीर तुमच्या हिश्श्यात घ्या नाहीतर पाण्याच्या पाळ्या ठरवा, आपसात जमलं तर कोर्टाचं तोंड पाहा लागत नाही. दहा वर्षं पीकही तुम्हीच खाल्लं, ते त्याच कागदाच्या दुसऱ्या बाजूनं लिहा. फक्त मायच्या दवाखान्याचं बिल त्यात टाकू नका. ते टाकलं का बोलणं तिथंच संपते, अन तुम्हालाही ते नंतर खात राहील.

जवायानं भरवलं असेल, नसेलही. तिला एकटीला जेवायला बोलवा अन विचारा.

प्रश्न : माझी उलटी गोष्ट आहे. मले माहेराचं काही नको, पण सासरचे रोज म्हणतात हिस्सा आण, टू व्हीलरचे हप्ते थकले. कायदा तर हक्क देते, मग नाही कशी म्हणू?
– नाव नको, जि. अमरावती

उत्तर : कायद्यानं हक्क तुला दिला, तुझ्या नवऱ्याच्या टू व्हीलरला नाही दिला. तो मागायचा का नाही, कधी मागायचा, हे तू एकटी ठरवशील. त्याच्यापायी शिवीगाळ, मारहाण होत असेल तर तो छळ आहे, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन कर. वकिलाच्या पैशाची काळजी करू नको, बाईमाणसाला उत्पन्न न पाहता फुकट वकील भेटते, तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीत जाय नाहीतर १५१०० लाव.

एवढ्यावर गेलं नसेल तर आज रात्री जेवणं झाल्यावर नवऱ्याला सहज विचार, का मी हिस्सा आणला तर सातबाऱ्यावर नाव कोणाचं राहील अन विकलं तर पैसा कोणाच्या खात्यात पडेल. तो काय म्हणते ते मला कळव, पुढचं त्यावर बोलू.