कालवाच्या अळ्या कवच का धरत नाहीत? समुद्राच्या आम्लीकरणाबाबत शंकांना उत्तर

शिंपले पालन करणाऱ्यांच्या पत्रांत सध्या तीन शंका वारंवार येत आहेत. बीजनिर्मिती केंद्र चालवणारे विचारतात की, मीटरवर सामू (पीएच; ७ च्या वर पाणी अल्कधर्मी, खाली आम्ल) ८.० दिसत असतानाही कालवाच्या अळ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तळाशी बसून का मरतात आणि टाकीत चुना टाकला तर चालेल का. दोरीवर शिणाणे वाढवणाऱ्यांची तक्रार आहे की, लाटांचा जोर वाढला की शिंपले घोसांनी गळतात. तिसऱ्या या गाळात राहणाऱ्या शिंपल्यांचे बीज (लहान पिल्ले) पेरणाऱ्यांना काही आठवड्यांनी वाफा रिकामा सापडतो. पहिल्या शंकेवर मी सविस्तर लिहितो, कारण सर्वांत मोठे नुकसान तेथेच होते आणि इलाजही तेथेच हाताशी आहे.

हवेत सोडल्या जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे एक चतुर्थांश वायू समुद्र शोषून घेतो. त्यामुळे औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाच्या पाण्याचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ पर्यंत उतरला आहे. एक दशांश ऐकायला किरकोळ वाटतो, पण सामूचे मोजमाप घातांकी असल्याने एवढ्या घटीत हायड्रोजन आयन, म्हणजे आम्लपणा आणणारे कण, सुमारे २६ टक्क्यांनी वाढतात. हे वाढलेले आयन पाण्यातील कार्बोनेटशी संयोग पावून त्याचे बायकार्बोनेट करून टाकतात. पाणी अजूनही अल्कधर्मीच आहे, म्हणून ‘समुद्र आम्ल झाला’ असे समजू नये. कमी झाले आहे ते कवच घडवायला लागणारे कार्बोनेट.

चुन्याचा प्रश्न येथेच निकालात निघतो. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ४०० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणजे कवचासाठी कॅल्शियमची टंचाई मुळातच नाही. चुनखडीची पूड टाकून उपयोग नाही, कारण पृष्ठभागाच्या पाण्यात ती जवळजवळ विरघळतच नाही आणि टाकीच्या तळाशी तशीच पडून राहते. कळीचा किंवा विरलेला चुना सामू एकदम वर नेतो. हात सैल पडला तर पाण्यातले कार्बोनेट पांढऱ्या साक्याच्या रूपाने खाली बसते आणि जे वाढवायचे तेच आपण घालवून बसतो. शेततळ्यात वर्षानुवर्षे चुना वापरणाऱ्यांना हे पटायला वेळ लागतो, याची मला कल्पना आहे.

आता अळीकडे पाहू. फलन झालेल्या अंड्यातून बाहेर पडलेली कालवाची अळी पहिल्या दोन दिवसांत आपले पहिले कवच बांधते. सूक्ष्मदर्शकाखाली निरोगी अळी इंग्रजी ‘डी’ अक्षरासारखी दिसते: एक कड बिजागरीची, सरळ, आणि दुसरी गोलाईची. या दोन दिवसांत तिला नीट खाता येत नाही. अंड्यातून मिळालेली शिदोरीच तिला पुरवावी लागते. शिवाय हे पहिले कवच अ‍ॅरागोनाइटचे असते. अ‍ॅरागोनाइट आणि प्रौढ कालवाच्या कवचातील कॅल्साइट ही दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटचीच रूपे, पण अ‍ॅरागोनाइट अधिक सहज विरघळते. पाण्यात कार्बोनेट कमी असले की तेवढेच कवच घालायला अळीची जास्त शक्ती खर्च होते, शिदोरी लवकर संपते, आणि मग ती बिजागरी वाकडी किंवा कड दातेरी असलेली अळी होऊन तळाशी बसते. मृत्यू तिसऱ्या दिवशी किंवा आठवड्याने दिसतो, पण बिघाड पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत झालेला असतो. म्हणून मेलेल्या अळ्या दिसल्यावर त्या दिवसाचे पाणी तपासून कारण हाती लागत नाही.

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांतील बीजनिर्मिती केंद्रांनी हाच अनुभव २००७ पासून घेतला. अळ्या मोठ्या प्रमाणावर मरू लागल्या तेव्हा प्रथम संशय जिवाणूंवर गेला. नंतर लक्षात आले की, वाऱ्यामुळे खोल समुद्रातील थंड पाणी किनाऱ्याकडे वर येते तेव्हाच नुकसान होते. हे पाणी पृष्ठभागापासून दशकानुदशके दूर राहिलेले, त्यामुळे कुजण्यातून निर्माण झालेल्या कार्बन डायऑक्साइडने भरलेले असते. तेथील केंद्रांनी पाण्याची नोंद सतत ठेवणे, टाक्या दुपारनंतर भरणे आणि सोडा देऊन पाणी सुधारणे असे उपाय केले. तीच वाट आपल्यालाही उपयोगी पडेल.

दुपारचे कारण साधे आहे. रात्रभर पाण्यातले सगळे जीव श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड सोडतात, तर दिवसा शैवाल आणि सागरी गवत तो वापरतात. उथळ खाडीत पहाट आणि दुपार यांच्या सामूत काही दशांशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे टाकी पहाटे भरण्याची सवय असेल तर ती बदलावी. मोठ्या पावसानंतर नदीचे पाणी मिसळले असल्यास अल्कताही (पाण्याची आम्ल पचवण्याची क्षमता) घटते, म्हणून तेव्हा भरणे शक्य तितके टाळावे. पाण्यात हवेच्या तुलनेत जास्त कार्बन डायऑक्साइड भरलेला असेल तर जोरात हवा दिल्याने तो निघून जातो. मात्र पंपाची हवा बंद खोलीतून न घेता बाहेरून घ्यावी.

सोड्याबाबत काळजीपूर्वक वाचावे. येथे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, अभिप्रेत आहे. खाण्याच्या सोड्याने कार्बोनेटमध्ये फार थोडा फरक पडतो. सुगंध किंवा साबण न मिसळलेला, शुद्ध आणि निर्जल सोडा घ्यावा, कारण स्फटिकरूप सोड्याच्या वजनात निम्म्याहून जास्त पाणीच असते आणि सगळा हिशेब चुकतो. हजार लिटरमागे १० ग्रॅम निर्जल सोड्याने अल्कता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात, लिटरमागे ९ ते १० मिलिग्रॅमने वाढते. खुल्या समुद्राच्या पाण्याची अल्कता साधारण ११५ मिलिग्रॅम असते. तिच्याशी तुलना करून मात्रा ठरवावी. सोडा गोड्या पाण्यात विरघळवून, हवा चालू ठेवून, अळ्या सोडण्यापूर्वी थोडा थोडा द्यावा. पहिल्यांदा एकाच टाकीवर करून पाहावे आणि शेजारची टाकी तशीच ठेवावी.

‘मीटर ८.० दाखवतो’ यावर फार विसंबू नये. गोड्या पाण्याच्या द्रावणाने जुळवलेला साधा मीटर समुद्राच्या पाण्यात एक दशांश सहज चुकतो, आणि एक दशांश म्हणजे दोन शतकांत समुद्रात झालेला संपूर्ण बदल. सामूसोबत अल्कता, तापमान आणि क्षारता मोजली तरच अ‍ॅरागोनाइटच्या संपृक्ततेचा अंक, म्हणजे पाणी कवच घडवायला कितपत अनुकूल आहे हे सांगणारा आकडा, काढता येतो. हा अंक १ च्या खाली गेला की कवच विरघळू लागते, पण अळ्यांना त्रास त्याच्या बराच आधी, १.५ ते १.७ च्या आसपासच सुरू होतो.

दोरीवरच्या शिणाण्यांबाबत मी सावध उत्तर देतो. कार्बन डायऑक्साइड जास्त असलेल्या पाण्यात शिंपल्यांच्या चिकट तंतूंची पकड कमकुवत होते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण गरम पाण्यानेही तसेच होते आणि दोरीवर दाटी झाली तर निरोगी शिंपलेही गळतात. आधी विरळणी करून पाहावी. मोठ्या शिंपल्यांवर आम्लीकरणाचा परिणाम होतो तो वाढ मंदावणे आणि कवच पातळ पडणे या रूपाने, आणि भरपूर खाद्य मिळाले तर तो बराच झाकला जातो. जर्मनीतील कील फ्योर्ड या खाडीचे पाणी मुळातच कार्बन डायऑक्साइडयुक्त असूनही तेथे खाद्याच्या मुबलकतेमुळे शिंपले चांगले वाढतात.

तिसऱ्यांच्या वाफ्यात मात्र दोष पाण्यापेक्षा गाळाचा असू शकतो. कुजणाऱ्या गाळातील पाण्याचा सामू वरच्या पाण्यापेक्षा बराच कमी असतो आणि एक-दोन मिलिमीटरचे बीज त्यात रुजण्याआधीच विरघळते. अशा वाफ्यात जुन्या शिंपल्यांचा बारीक चुरा वरच्या थरात मिसळावा; चुनखडीची पूड वरच्या पाण्यात निरुपयोगी ठरते, पण आम्लतर गाळात चुरा विरघळतो आणि बीजाऐवजी तोच झिजतो. पेरणीपूर्वी बीज थोडे मोठे होऊ द्यावे. गाळ काळा आणि दुर्गंधीयुक्त असेल तर ती जागा यंदा सोडून द्यावी.

पुढील पत्रासोबत टाकी कोणत्या वेळी भरली, त्या वेळचे तापमान, क्षारता आणि अल्कता, तसेच अळ्यांचा दुसऱ्या दिवशीचा सूक्ष्मदर्शकातील फोटो पाठवावा.