वाचकांचे प्रश्न: टेक्नॉलॉजी इंटर्नशिपला गेलो आणि हातात एक्सेल शीट आली

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत आठ आठवड्यांची इंटर्नशिप मिळालीये, छोटी फायनान्स फर्म आहे, लोकांचे पैसे शेअर्स आणि बाँडमध्ये गुंतवतात, ऑफिसात सगळे मिळून बारा जण. आयटी टीम वगैरे काही नाही. पहिल्याच दिवशी एक एक्सेल शीट दिली आणि म्हणाले, अकाउंट्सच्या ताई रोज सकाळी दोन तास ही भरत बसतात, हे ऑटोमॅटिक करून दे. मित्र मोठ्या कंपन्यांत मशीन लर्निंग करतायत आणि मी इथे शीट. आठ आठवडे वाया जाणार का?

उत्तर: नाही जाणार, आणि हे तुझी समजूत काढायला म्हणत नाहीये, अशा छोट्या ऑफिसात मी स्वतः काम केलंय. तुझ्या वर्णनावरून ती शीट बहुतेक रेकोची असणार, रेको म्हणजे रेकॉन्सिलिएशन, आपल्या हिशेबात जे शेअर्स आणि जी रोकड दिसते ती बँकेच्या आणि कस्टोडियनच्या, म्हणजे आपले शेअर्स सांभाळून ठेवणाऱ्या संस्थेच्या, स्टेटमेंटशी जुळते का ते रोज ताडून बघणं. ऐकायला दोन कॉलमची तुलना वाटते, पण सौदा आज झालेला असतो आणि सेटलमेंट, म्हणजे पैसे आणि शेअर्सची प्रत्यक्ष देवाणघेवाण, नंतरच्या तारखेला, मध्येच डिव्हिडंड येतो, कुठल्या कंपनीचा एक शेअर फुटून पाच झालेले असतात, बँकेने चार्जेस कापलेले असतात, म्हणजे फरक दिसला म्हणून ती चूकच असं नसतं. कुठला फरक दोन दिवसांनी आपोआप मिटेल आणि कुठल्यासाठी लगेच फोन लावायचा हे त्या ताईंच्या डोक्यात आहे, शीटमध्ये कुठेही लिहिलेलं नाही.

म्हणून पहिले तीन-चार दिवस कोड लिहूच नकोस. वही घेऊन ताईंच्या शेजारी बस, ही लाइन पिवळी का केलीत, हा आकडा हाताने का बदललात, असं विचारत राहा. मी हे केलं नव्हतं. शेअरच्या नावावरून मॅचिंग करणारी स्क्रिप्ट लिहिली, एका कंपनीने नाव बदललं आणि माझ्या रिपोर्टमध्ये एक होल्डिंग, म्हणजे आपल्याकडे असलेला शेअर, गायब आणि एक नवीनच उगवलेलं. शेजारच्या बाईंनी बघताक्षणी सांगितलं की अगं नावावर कधी जायचं नाही, आयएसआयएन बघायचा, प्रत्येक शेअरचा तो बारा अक्षर-आकड्यांचा कोड असतो ना त्यावरून. दोन आठवड्यांची मेहनत एका वाक्याने वाचली असती, मी विचारलंच नव्हतं.

एक्सेलच्या खोड्याही आधीच माहीत करून घे. अकाउंट नंबरच्या सुरुवातीचे शून्य ते खाऊन टाकतं, पंधरा अंकांपुढचे आकडे शून्य करतं, ३/४ ही तारीख एका मशीनवर मार्च आणि दुसऱ्यावर एप्रिल होते, तर असे कॉलम टेक्स्ट म्हणूनच वाच. आणि जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढे काही मावत नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोविडच्या जवळपास सोळा हजार केसेस याच मर्यादेमुळे आकडेवारीतून काही दिवस गळल्या होत्या. म्हणून किती ओळी आत आल्या आणि किती बाहेर गेल्या हे तुझ्या स्क्रिप्टने रोज छापलंच पाहिजे, आणि एखादी फाइल आलीच नाही तर गप्प न बसता तिथेच थांबलं पाहिजे.

प्रश्न: माझ्या पायथन स्क्रिप्टची आणि एक्सेलची बेरीज दशांशानंतरच्या दुसऱ्या आकड्यात थोडी चुकतेय. इतका किरकोळ फरक सोडून दिला तर चालेल का?

उत्तर: अजिबात नको सोडू! ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनमध्ये बरोब्बर ०.३ येत नाही हे करून बघ, फ्लोट, म्हणजे पायथनचा नेहमीचा दशांश आकडा, अंदाजे साठवला जातो, म्हणून पैशासाठी डेसिमल हा नेमका हिशेब ठेवणारा प्रकार वापरायचा. आणि राउंडिंग पण तपास, पायथनचं राउंड २.५ चे २ करतं आणि एक्सेल ३ करतं, तुझा फरक बहुतेक इथलाच आहे. व्हँकुव्हर स्टॉक एक्स्चेंजने जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू केलेला इंडेक्स नोव्हेंबर १९८३ पर्यंत ५२४ च्या आसपास आला होता. झालं होतं एवढंच, की प्रत्येक सौद्यानंतर इंडेक्स नव्याने काढताना तिसऱ्या दशांशापुढचं राउंड न करता नुसतं कापून टाकत होते. दुरुस्त केला तेव्हा तो १०९८ च्या वर निघाला. फर्ममध्ये राउंडिंगचा नियम काय आहे ते ताईंना विचार आणि तोच कोडमध्ये लिही.

प्रश्न: रेझ्युमेसाठी हा कोड गिटहबवर, म्हणजे कोड सगळ्यांना दिसेल अशा साइटवर, टाकू का? आणि एरर आली की फाइल एआय चॅटबॉटला देऊन विचारलं तर?

उत्तर: दोन्हीला नाही, निदान साहेबांनी लेखी हो म्हणेपर्यंत तरी नाही. क्लायंटचं नाव, अकाउंट नंबर, होल्डिंग यातलं काहीही ऑफिसबाहेर जायला नको, लोकांनी विश्वासाने पैसे ठेवलेत तिथे. एआयला विचारायचंच असेल तर खोटी नावं, खोटे आकडे घालून पाच ओळींची फाइल बनव. रेझ्युमेत कोड नसला तरी चालतं, आधी किती वेळ लागायचा आणि आता किती लागतो हे लिही, पण त्यासाठी आधीचा वेळ पहिल्याच आठवड्यात घड्याळ लावून मोजून ठेव, नंतर तो कुणालाच आठवत नाही.

आणि शेवटचे दोन आठवडे नवीन काही बांधू नकोस. जुनी शीट आणि तुझी स्क्रिप्ट रोज शेजारी शेजारी चालू देत, फरक आला की कारण शोध. मग एक दिवस ताईंना खुर्चीत बसव, सगळं त्यांनाच चालवू दे, तू मागे उभा राहा आणि माउसला हात लावू नकोस. जिथे त्या अडतील तिथलं आधी दुरुस्त कर, कारण तू गेल्यावर ती स्क्रिप्ट त्यांनाच रोज सकाळी चालवायची आहे.