प्रश्न: रत्नागिरीत राहतो. बँकेच्या ऑनलाइन लिलावात जुनी गाडी घ्यावी का? फसगत कशी टाळू?

घ्या, पण यार्डात (हप्ते थकल्यामुळे बँकेने ओढून आणलेल्या गाड्या ठेवतात तिथे) जाऊन गाडी डोळ्यांनी बघितल्याशिवाय बोली लावू नका. रत्नागिरीहून भिवंडी-पनवेलचा हेलपाटा जिवावर येतो, म्हणून माणूस फोटोवर भागवतो. पहिल्या वेळी मीही तेच केलं. माझी बोली सगळ्यांत वर होती, तरी बँकेने नाकारली. (असं होतं. बऱ्याच लिलावांत शेवटचा होकार बँकेचा असतो, त्यामुळे लगेच पेढे वाटू नका.) बोलीसाठी भरलेलं डिपॉझिट परत यायला महिना गेला, तेवढ्यावर सुटलो.

दुसऱ्या वेळी गॅरेजवाल्या मित्राला सोबत नेलं. आम्ही चिपळूणचे. २२ जुलै २०२१ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं, तेव्हा त्याच्या दारातल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या बुडाल्या होत्या. अशा गाडीच्या दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (विम्यात धरलेली गाडीची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती 'टोटल लॉस' धरते, मालकाला पैसे देते आणि गाडी भंगार म्हणून बहुधा लिलावातच जाते. तिथून कोणी ती धुऊनपुसून पुन्हा विकायला काढली, तर फोटोत काय कळणार?

यार्डात आमच्या यादीतली पांढरी हॅचबॅक उभी होती. फोटोत अगदी चकाचक. मित्राने बॉनेटला हातही लावला नाही. ड्रायव्हरकडचा सीटबेल्ट धरला आणि ओढत राहिला, पार रीळ संपेपर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर तपकिरी कड होती, चहाच्या कपात उरते तशी. मग डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली वाळलेला गाळ. "चल, दुसरी बघू." सीटा सगळेच धुतात म्हणे, पट्टा शेवटपर्यंत ओढून कोण धुतो?

आपल्याकडची गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज वेगळा बघा. दारांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि खालचा पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. गंजावर रंग मारलेला असेल तर आवाज बद्द येतो. यार्डात गाड्या महिनोन्महिने उभ्या असतात, बॅटरी मेलेली असते, म्हणून दुसऱ्या बॅटरीवरून सुरू करायला जंपर केबल न्या. चालवून बघायला सहसा देत नाहीत, पण इंजिन सुरू करून ऐकायला मिळालं तरी पुष्कळ. टायरवरचे चार आकडेही वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. मीटर ३० हजार दाखवतोय आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे आहेत, तर विचारायला हवं ना, का बदलले? मीटर मागे फिरवलाय की काय?

खरा घोळ कागदांत होतो. एमपरिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकून बोजा (गाडीवरचं कर्ज) कोणाचा आहे, विमा कधी संपला, ते बघा. महाराष्ट्र पोलिसांच्या ई-चलान साइटवर थकलेला दंड दिसतो. तो कोण भरणार, हे बोलीआधी लेखी विचारा. बँकेकडून एनओसी, बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि गाडी नावावर करायचे, मूळ मालकाच्या सह्यांचे फॉर्म २९ व ३० मिळाले पाहिजेत. हप्ते थकलेला मालक सही द्यायला का येईल? आरसी (नोंदणीचा दाखला) द्यायला तो नकार देत असेल किंवा बेपत्ता असेल, तर बँकेला फॉर्म ३६ भरून आधी स्वतःच्या नावावर आरसी काढावी लागते. तोपर्यंत गाडी तुमच्या अंगणात आणि नाव दुसऱ्याचं. आम्ही शेवटी जी गाडी घेतली, तिचे चार महिने यात गेले. दुसऱ्या राज्याचं पासिंग असेल तर मी सरळ सोडून देतो. तिथल्या आरटीओची एनओसी आणि पुन्हा रोड टॅक्स कोण निस्तरणार!

बोलीचा आकडा घरीच कागदावर लिहून ठेवा. बाजारभावातून लिलाववाल्यांची फी, बॅटरी, टायर, विमा, आरटीओ आणि गाडी आणायचा खर्च वजा करा. उरेल त्यातून अजून थोडे कापा, कारण विक्री 'जशी आहे, जिथे आहे' या अटीवर असते. नंतर तक्रार चालत नाही. शेवटच्या दोन मिनिटांत बोट शिवशिवतं, तेव्हा तो कागद समोर असावा.

पैसे फक्त लिलावाच्या कागदपत्रांत दिलेल्या, बँकेच्या किंवा लिलाव कंपनीच्या नावाच्या खात्यात भरा. कोणाच्या खासगी यूपीआयवर टोकन मागितलं, किंवा 'मी फौजेत आहे, बदली झालीय' असं सुरू झालं, की फोन ठेवा.

जिंकलात तर गाडी लवकर हलवा, नाहीतर यार्डाचं भाडं चढतं. विमा संपलेला असेल तर नवा काढल्याशिवाय हायवेवर उतरवू नका. चालू असेल तर १४ दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलायचा अर्ज करा. आम्ही कशेडी घाट उतरवताना जुन्या ब्रेकची परीक्षा नको म्हणून टोइंगच्या ट्रकवर टाकून आणली. भाडं टोचलं, पण दुसऱ्या दिवशी मित्राने चाकं खोलली तर मागचे ब्रेक लायनर पार संपलेले.