'डेथ इन पॅरडाइज' या ब्रिटिश खून-रहस्य मालिकेतला मुख्य डिटेक्टिव्ह सारखा का बदलतो? मालिका मधूनच बघितली तर चालेल का?

हो, मधूनच सुरू केली तरी बिनधास्त चालेल. बदलाचं मुख्य कारण चित्रीकरणाची जागा आहे. मालिका जिथे घडते ते सेंट मरी बेट काल्पनिक असलं तरी चित्रीकरण कॅरिबियनमधल्या ग्वादलूपला होतं, आणि त्यासाठी नायकाला दरवर्षी कित्येक महिने घरापासून दूर राहावं लागतं. नायकाची भूमिका करणारे बेन मिलर आणि नंतर क्रिस मार्शल या दोघांनीही मालिका सोडताना कुटुंबाचंच कारण दिलं होतं. 2011 पासूनचा क्रम असा: रिचर्ड पूल (बेन मिलर), हम्फ्री गुडमन (क्रिस मार्शल), जॅक मूनी (आर्डल ओ'हॅनलन), नेव्हिल पार्कर (राल्फ लिटल) आणि 2024 च्या नाताळ भागापासून मर्विन विल्सन (डॉन गिले). एवढे बदल पचले, कारण मालिकेचा खरा आधार तिचा साचा आहे: प्रत्येक भागात नवा खून, मोजके संशयित, शेवटी सगळ्यांना एकत्र बसवून केलेला उलगडा. शिवाय बेटावरचे पोलीस कमिशनर सेल्विन पॅटरसन पहिल्या सीझनपासून आहेतच. माझ्या मते प्रेक्षकांना धरून ठेवण्यात त्यांचा वाटा नायकाइतकाच मोठा आहे.

फक्त तिसऱ्या सीझनचा पहिला भाग आधी बघू नका. नायक बदलण्याचा मालिकेतला सगळ्यात धक्कादायक प्रसंग तिथेच आहे आणि पहिले दोन सीझन पाहिलेले असतील तरच तो मनाला भिडतो. हम्फ्री आवडला तर 2023 मध्ये सुरू झालेली 'बियाँड पॅरडाइज' बघा, तिथे तो इंग्लंडमध्ये आहे.