कोकणातल्या घराला ब्रिटिशकालीन बंगल्याचा थाट कसा द्यावा?

घर रत्नागिरीजवळ असेल, तर फर्निचरच्या खरेदीआधी तिथला थिबा राजवाडा बघून या. ब्रह्मदेशच्या पदच्युत राजासाठी इंग्रजांनी तो १९१० मध्ये बांधला.

फिक्या भिंती, झडपांच्या खिडक्या, लांब हातांची, वेताने विणलेली सागवानी आरामखुर्ची, मच्छरदाणीचा पलंग, एवढ्यावर भागतं. वाघाचं मुंडकं वगैरे राहू द्या!

खरी मेख वेताची. पावसाळ्यात विणीच्या खाचांत पांढरी बुरशी धरते. खुर्ची भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, कोरड्या ब्रशने खाचा झाडा आणि उघडीप मिळाली की पडवीत वाऱ्याला काढा. खाऱ्या हवेत लोखंडी बिजागऱ्या गंजतात, म्हणून पितळीच घ्या. हिरवट पडल्या तर चिंचेने घासता येतात. आजोबांची जुनी आरामखुर्ची माळ्यावर असेल, तर नवी घेऊच नका.